रक्ताचा वारसा आणि समाजाचे कर्तव्य

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका तरुण स्त्रीने आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले की, आपल्या घराण्यातील माणसे आतड्याच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. आपणही तशाच जाणार. ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने अकाली गेली. वॉर्थिनने या कुळाचा वृत्तांत १९१३ साली प्रसिद्ध केला. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशाच आणखी कुटुंबांची नोंद केली. आणि २००० साली त्या घराण्यातील सदोष जनुक हाती लागले. एका कष्टकरी स्त्रीने जे जाणले होते, त्याचा उलगडा होण्यास शंभर वर्षे लागली.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते व तीत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी जनुके आपल्या शरीरात असतात. त्यांपैकी एखादे जन्मतःच बिघडलेले असले की चुका साचत जातात व कर्करोगाची शक्यता कित्येक पटींनी वाढते. आई वा बापाकडून हा दोष अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो.

परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम तिघांच्या मुळाशी हा दोष असतो. २००७ पासून सापडत गेलेले इतर सर्वसामान्य जनुकीय भेद धोक्यात फार थोडी भर घालतात. उलट, जपानमधून हवाई बेटांत गेलेल्या लोकांत हा रोग एकदोन पिढ्यांतच झपाट्याने वाढला. त्यांचे रक्त बदलले नव्हते. आहार आणि राहणी बदलली होती.

येथे दोन्ही बाजूंच्या दुराग्रहांपासून सावध राहिले पाहिजे. वंश हेच सर्वस्व मानणाऱ्यांनी अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले आणि १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. उलट, आनुवंशिकी म्हणजे भांडवलशाही थोतांड असे ठरवून लायसेंकोच्या रशियाने वाव्हिलोव्हसारखा शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मरू दिला. समतेचा आग्रह धरणाऱ्यांना निसर्गातील भेद नाकारण्याची गरज नाही. त्या भेदांचे ओझे एकट्या माणसाच्या खांद्यावर पडू नये, एवढीच आमची भूमिका आहे.

आणि ते ओझे हलके करता येते. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतील ज्या व्यक्तींची दर तीन वर्षांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली, त्यांच्यात पंधरा वर्षांच्या काळात हा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला. स्वस्तातली ॲस्पिरिन वैद्यकीय देखरेखीखाली किमान दोन वर्षे घेणाऱ्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे जनुक हे विधिलिखित नव्हे. जेथे तपासणी सर्वांच्या आवाक्यात असते तेथे ती पूर्वसूचना ठरते. जेथे ती पैशावर मिळते तेथे मात्र गरिबाच्या बाबतीत तिची शिक्षाच होते.

शिवाय ज्ञानाचा दुरुपयोगही होतो. मानवी जनुकांवर खासगी कंपन्यांनी मिळवलेली मक्तेदारी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मोडली खरी, पण जनुकीय भेदभावाविरुद्धच्या तेथील २००८ च्या कायद्यातून आयुर्विमा वगळलेलाच राहिला. जो चाचणी करून घेतो त्यालाच विमा नाकारला जाणार असेल, तर चाचणीला पुढे येणार कोण?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या घराण्यातील कर्करोगांची नोंद व्हावी. जिल्हा रुग्णालयात आतड्याची दुर्बीण तपासणी मोफत मिळावी. आणि जनुकाच्या कारणावरून नोकरी वा विमा नाकारण्यास कायद्याने बंदी असावी. आपल्या वस्त्यांत ‘आमच्या घरात हे चालतच आले आहे’ असे कोणी म्हणाले, तर कार्यकर्त्यांनी ते दैवावर सोडू नये. त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे शब्द ऐकणारा एक डॉक्टर तरी होता. आपल्याकडे ऐकणारी व्यवस्था उभी करावयाची आहे.