ओटीपी भावाच्या मोबाइलवर

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मी सायबर कॅफेत बसले होते. उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून झालं होतं. कॅफेवाला म्हणाला, "ओटीपी सांगा." ओटीपी आला होता, पण माझ्याकडे नाही. माझ्या आधार कार्डाला जोडलेला नंबर माझ्या भावाचा. मी शेजारच्या मुलीच्या फोनवरून त्याला फोन लावला. त्यानं कट केला. परत लावला, परत कट. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, "थांब गं, शेवटचा झोन चालू आहे."

त्याचा झोन संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. मग साइट अडकली आणि रात्र झाली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली आणि अम्मीनं भिशी उचलून माझी फी भरली.

त्या रात्री घरात काय ठरलं माहीत आहे? अब्बा म्हणाले, "हे ऑनलाइनचं सगळं बेकार आहे." दादी म्हणाली, "पोरींनी इतकं शिकून तरी काय करायचंय?" भाऊ म्हणाला, "मला काय माहीत इतकं अर्जंट होतं!" सगळे बोलले. पण हिचा नंबर हिच्या नावावर असायला हवा होता, हे एकानंही म्हटलं नाही.

हा लेख त्या न बोललेल्या वाक्याबद्दल आहे. माझ्या भावाची तक्रार करायला मी बसलेली नाही. तो चांगला मुलगा आहे, आणि खरी अडचण तीच आहे. आपल्या घरांमध्ये चांगल्या मुलांनाही यात काही खटकत नाही.

टेक्नॉलॉजीवर आपल्याकडे मतांची कमी नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मंडपात, फॅमिली ग्रुपवर सगळे तज्ज्ञच असतात. कोणता प्रोसेसर चांगला, कोणत्या फोनमध्ये गेम गरम होत नाही, एआय कुणाच्या नोकऱ्या खाणार, यावर आपली मुलं तासन्‌तास बोलतात. पण घरातल्या मुलीच्या मोबाइलचा विषय निघाला की चर्चा संपते आणि निकाल लागतो. "मोबाइलनं पोरी बिघडतात." याला ना पुरावा लागतो, ना अपील.

आता जरा आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 53.9 टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरता येईल असा मोबाइल आपल्याकडे आहे. म्हणजे साधारण निम्म्यांकडे नाही. कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष 57.1 टक्के आणि बायका 33.3 टक्के. हे सगळ्या समाजांचे मिळून आकडे आहेत, एकट्या आपल्या मोहल्ल्याचे नाहीत. म्हणून "आमच्यातच असं आहे" असं म्हणून लाजायचं कारण नाही, आणि "सगळीकडेच असं आहे" असं म्हणून सुटायचंही कारण नाही. आपल्या घराचा हिशोब आपणच द्यायचा आहे.

माझं गेमशी वाकडं नाही, हे आधीच सांगते. भावाचा फोन हाती लागला की मीही लुडो खेळते. खेळणं काही गुन्हा नाही. मला फक्त मोजमापाबद्दल बोलायचंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला मान्यता दिली आणि 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झालं. त्यात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा गेमला जास्त महत्त्व येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची लक्षणं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असायला हवं. याचा अर्थ प्रत्येक खेळणारा मुलगा आजारी आहे असा अजिबात नाही. पण विचारते, किती घरांमध्ये मुलाच्या खेळण्याचे तास कुणी मोजतं? पहाटे तीनपर्यंत हेडफोन लावून "मागे बघ, मागे बघ" ओरडणाऱ्या पोराला अम्मी सकाळी उठवत नाही, "रात्री उशिरा झोपलाय बिचारा" म्हणते. आणि मुलगी वीस मिनिटं फोनवर असली की मागून आवाज येतो, "कुणाशी बोलतेस?"

विज्ञानाच्या बातम्यांचंही तसंच. "मोबाइलच्या किरणांनी कॅन्सर होतो, मुलींना दूर ठेवा" हा मेसेज तुम्हालाही आलाच असेल. त्याचं मूळ असं आहे: कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2011 मध्ये मोबाइलच्या रेडिओ लहरींना '2बी' गटात ठेवलं. या गटाचा अर्थ 'कदाचित कारणीभूत असू शकेल, पुरावा तोकडा आहे' इतकाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. बरं, मेसेजवाल्यांचं खरंच मानू. पण मग किरणं मुलगा-मुलगी ओळखतात का? उशीखाली फोन ठेवून झोपणाऱ्या मुलाला ती का सोडतात? मेसेज पाठवणाऱ्याला काळजी आरोग्याची नाहीच. त्याचं मत आधीच तयार होतं, विज्ञानाचा नुसता शिक्का हवा होता.

आता दोन तारखा शेजारी ठेवते. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पहिली तारीख 2 सप्टेंबर 2020. केंद्र सरकारनं 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा. गल्लीतल्या पोरांना सुतक आलं. पण कुणाच्या हातातून फोन गेला का? नाही. पोरांनी कोरियन व्हर्जन शोधलं, व्हीपीएन शोधलं. जुलै 2021 मध्ये तोच गेम नव्या नावानं आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा स्टोअरमधून गेला, मे 2023 मध्ये परत आला. ही तारीखवारी पोरांना पाठ आहे.

दुसरी तारीख 1 जानेवारी 2022. त्या दिवशी 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभराहून जास्त मुस्लिम बायकांचे फोटो 'लिलावा'ला लावलेले सापडले. त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' नावानं हेच झालं होतं. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, वैमानिक होती. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, दिसणाऱ्या बायका मुद्दाम निवडल्या होत्या. मुंबई पोलिसांनी आणि दिल्ली पोलिसांनी अटका केल्या. पकडलेल्यांत कॉलेजात शिकणारी विशीतली मुलं होती.

हल्ला त्या बायकांवर झाला. पण आपल्या घरांमध्ये काय झालं? माझ्या मैत्रिणींपैकी तिघींचे इन्स्टाग्राम त्या आठवड्यात बंद झाले, आणि ते त्यांनी स्वतः बंद केले नव्हते. एकीचा फोन काढून घेतला. "बघ, म्हणूनच सांगत होतो," असं तिला सांगण्यात आलं. पबजी बंद झालं तेव्हा मुलांचे फोन शाबूत राहिले. मुलींवर हल्ला झाला तेव्हा मुलींचेच फोन गेले. त्या ॲपवाल्यांना हवं तरी काय होतं? मुस्लिम बायका गप्प बसाव्यात, दिसेनाशा व्हाव्यात. त्यांचं उरलेलं काम आपण घरातच करून दिलं, आणि त्याला इज्जत म्हटलं.

इथं कुणी म्हणेल, "पण धोका खराच आहे ना?" आहे. फोटो मॉर्फ होतात, खोटे अकाउंट निघतात, ब्लॅकमेल होतं. मी डोळे मिटून बोलत नाही. पण ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात नेमकं काय असतं, याचा विचार केलाय का कधी? फोटो तर कुणीही बनवू शकतो. त्याचं खरं हत्यार म्हणजे "घरी सांगेन" ही धमकी. घरी कळलं की फोन जाईल, कॉलेज जाईल, लग्न उरकलं जाईल, हे मुलीला माहीत असतं. म्हणून ती गप्प राहते, आणि तो आणखी मागतो. ज्या घरात मुलगी बिनधास्त म्हणू शकते, "अब्बा, एक जण मला त्रास देतोय," त्या घरात ही धमकी चालत नाही. फोन काढून घेणारं घर आपल्याच मुलीविरुद्ध त्या माणसाच्या हाती हत्यार देतं.

कायद्याची एक गोष्ट सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे. एखादा पुरुष बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवत असेल तर तेही त्यात येतं. सगळे भाऊ गुन्हेगार आहेत असं मी म्हणत नाहीये, त्या कलमाला अपवादही आहेत. पण परक्यानं केलं तर कायदा ज्याला पाठलाग म्हणतो, ते घरात रोज केलं की काळजी कसं होतं, एवढं तरी स्वतःला विचारा.

आणि हे बदलत नाही असं नाही. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम होता: संध्याकाळी 6 ते रात्री 10 मोबाइल जमा करायचा. फहीमा शिरीन नावाच्या बी.ए. करणाऱ्या मुलीनं नकार दिला. तिला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. अभ्यासाला फोन लागतो, आणि मुलांच्या वसतिगृहात असा नियम नाही, हे तिचं म्हणणं होतं. 19 सप्टेंबर 2019 ला केरळ हायकोर्टानं निकाल दिला की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. सहाच महिन्यांनी लॉकडाउन लागला आणि सगळ्या देशाची शाळा मोबाइलवर आली. ज्या घरात एकच फोन होता, तिथं तो कुणाच्या हातात गेला, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

काही जण यात दीन आणतील. त्यांना एकच विचारायचंय. एके काळी नमाजमध्ये लाउडस्पीकर चालेल का, यावर मोठमोठ्या आलिमांनी आक्षेप घेतले होते. आज तो काढायला सांगितला तर आपण रस्त्यावर येतो. फोटोवरही आक्षेप होता. पण फोटोशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टशिवाय हज नाही, मग तोही प्रश्न सुटला. म्हणजे गरज पटली की वाट निघते. मुलीच्या शिक्षणाची, तिच्या बँक खात्याची, तिच्या रात्रीच्या एसटी प्रवासाची गरज अजून पटलेली नाही, इतकंच खरं आहे. त्यासाठी धर्माच्या आड लपू नका.

बहिणींनो, तुमच्यासाठी थोडं कामाचं. अठरा पूर्ण झाली असतील तर स्वतःच्या नावावर सिम घ्या. आधार केंद्रात जाऊन आपला नंबर आधारला जोडा आणि मग बँकेत बदला. ईमेलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, आणि पासवर्ड विसरल्यावर ज्या नंबरवर कोड जातो, तो नंबर आपलाच ठेवा. कुणी त्रास दिला तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायकांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैशाची फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन करा. 2021 च्या आयटी नियमांनी खासगी किंवा मॉर्फ केलेले फोटो तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत हटवायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. फोटो कुणी काढला, कुणी बनवला, याची लाज तुम्ही बाळगायची नाही. ती त्यानं बाळगावी.

आणि भावांनो, तुमच्याकडे मी रडत आलेली नाही. तुम्ही नवी पिढी आहात, असं तुम्हीच सांगता. अन्यायाच्या बातम्या स्टेटसला ठेवता, संविधानावर बोलता, सरकार आपल्यावर पाळत ठेवतं म्हणून चिडता. बरोबरच आहे, चिडलंच पाहिजे. पण ज्याला स्वतःवरची पाळत खटकते, त्याला बहिणीचा फोन उघडून बघताना काहीच वाटत नसेल, तर त्याचा राग हक्कासाठी नाही, फक्त स्वतःसाठी आहे.

माझा नंबर आता माझ्या नावावर आहे. आधार केंद्राच्या रांगेत अडीच तास उभी राहिले. भाऊच सोबत आला होता आणि पूर्ण वेळ गेम खेळत होता. नंबर जोडला गेला तेव्हा त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "झालं? मग आता मला फोन करू नकोस ओटीपीसाठी." मी म्हटलं, "नाही करणार."

आज रात्री मॅच लावायच्या आधी पाच मिनिटं काढा. घरात हाक मारा आणि विचारा, "तुझ्या आधारला कुणाचा नंबर आहे?" उत्तर तुमचाच नंबर असेल, तर उद्या सकाळी तिला केंद्रावर घेऊन जा. रांगेत उभं राहून गेम खेळलात तरी चालेल.