हें कशासाठीं चाललें होतें?

“आमचा मुलगा गणितांत मठ्ठ आहे,” असें एखादे पालक सांगूं लागले म्हणजे त्यांस विचारावेंसें वाटतें कीं, त्याची वाट नेमकी कोठें चुकते? पुष्कळदां त्यास प्रत्येक पायरी येत असते. ती आपण कशासाठीं घेतली, हेंच तो मध्यें विसरलेला असतो.

१८८३ सालीं एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें ‘हनोईचा मनोरा’ नांवाचें कोडें प्रसिद्ध केलें. तीन खुंट्या, पैकीं एकीवर लहानमोठ्या चकत्यांची उतरंड. ती दुसऱ्या खुंटीवर न्यावयाची. एका वेळीं एकच चकती उचलावयाची, आणि मोठी चकती लहानीवर कधींही ठेवावयाची नाहीं. पांच चकत्यांस निदान ३१ वेळां उचलठेव करावी लागते. नियम लहान मुलासही समजतील. परंतु तळची चकती हलविण्यासाठीं आधीं वरच्या चार दूर केल्या पाहिजेत, त्या चारांसाठीं वरच्या तीन. असे हेतूंत हेतु गुंततात, आणि आंतला साधेपर्यंत बाहेरचा मनांत जपावा लागतो.

एरिक ऑल्टमन व ग्रेगरी ट्रॅफ्टन या संशोधकांनीं २००२ सालीं याच खेळाच्या आधारें असें मांडिलें कीं, हेतूंसाठीं मनांत निराळी सुरक्षित पेटी नाहीं. हेतु हीही इतर आठवणींसारखीच आठवण. ती फिकी होते, आणि नुकताच पुरा झालेला हेतु तिच्या आड येतो. ती ठसविण्यास आरंभीं थोडा अवकाश पाहिजे, आणि पुढें डोळ्यांसमोर कांहीं खूण पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, भूमितीची वही काढून पाहा. दोन कोन समान दाखवावयाचे, म्हणून दोन त्रिकोण एकरूप ठरवावयाचे. त्रिकोण एकरूप झाले कीं लेखणी खालीं! कोन राहून जातात. (तपासणाऱ्यास हा आळस वाटतो.)

घरीं तर उदाहरण अर्ध्यावर असतां हांक येते, “जरा गूळ घेऊन ये.” हांक मारूं नका असें मी म्हणत नाहीं, घर म्हटलें कीं काम आलेंच. पण उठण्यापूर्वीं अर्धें मिनिट द्यावें, आणि तेवढ्यांत पुढें काय करावयाचें तें मुलानें समासांत लिहावें.

कित्येक शिक्षकांस कच्चें काम वहींत दिसलेलें खपत नाहीं. सर्व मनांत धरावें, असा त्यांचा आग्रह. तोंडच्या हिशेबापुरता तो ठीक आहे, कारण तेथें हेतु बहुधा एकच असतो. चार पायऱ्यांच्या उदाहरणांत मात्र असा आग्रह मला अन्यायाचा वाटतो. माझ्या वर्गाच्या वह्यांत तरी ‘हें कोनांसाठीं’ अशा टिपणांवर लाल रेघ पडणार नाहीं.