हे काम कुणाचे?

सॉफ्टवेअर हा काही कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेख लिहावा असा विषय नव्हे, असे माझ्या वर्गातल्या पुष्कळांचे मत आहे. वार्षिकाच्या पानांवर पाऊस शोभतो, आई शोभते, फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण शोभते. कॉम्प्युटरचे गुऱ्हाळ कॉमर्सवाल्यांनी घालावे! गेल्या वर्षापर्यंत मीही याच मताचा होतो. पण मधल्या काळात एक गोष्ट अशी घडली की, मला या रूक्ष विषयावर चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही नऊ जण. तिघे उल्हासनगरचे, चौघे अंबरनाथचे आणि दोघी बदलापूरच्या. आमच्या सरांनी एकदा तासाला सहज म्हटले, "अरे, इतिहास काय फक्त रायगडावर आणि दिल्लीतच घडतो? तुमच्या स्टेशनाबाहेर जरा बघा." ते वाक्य आम्ही मनावर घेतले. आपल्या तीन गावांतल्या वृद्ध माणसांना भेटायचे, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्या मराठीत लिहून काढायच्या, असे ठरले. विषयांना तोटा नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. 'कॅम्प नंबर अमुक' हा पत्ता आजही सर्वांच्या तोंडी आहे. अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर पाहायला लोक लांबून येतात. पण तिथल्याच विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात ज्यांची उमेद गेली त्या कामगारांना कोण विचारतो? बदलापूरला तर पुराच्या आठवणी घरोघरी आहेत. २६ जुलै २००५ आहे आणि २७ जुलै २०१९ आहे. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात जवानांबरोबर आसपासचे गावकरीही होते.

उत्साह दांडगा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला आणि आमचे काम सुरू झाले, निदान आम्हांला तसे वाटले.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एक सिंधी आजी राहत होत्या. सिंधमधून निघाल्या तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यांना सगळे लख्ख आठवते, असे आमच्या एका मित्राच्या शेजाऱ्यांनी सांगितले. त्याने ते ग्रुपवर टाकले. "वा!", "मस्त!", "जाऊ या नक्की" असे सात जणांनी लिहिले. दोघांनी अंगठा दाखवला. त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बेचाळीस शुभेच्छा आल्या, परीक्षेचे वेळापत्रक आले, सुप्रभात आले. मला वाटले, उल्हासनगरचे तिघे जातील. त्या तिघांना वाटले, सिंधी समजणारी आमची एक मैत्रीण आहे ती जाईल. तिला वाटले, रेकॉर्डिंगचे काम ज्याच्याकडे आहे तो दिवस कळवील. पाच आठवड्यांनी आम्ही दोघे त्या घराच्या दारात उभे राहिलो तेव्हा आजींच्या सूनबाईंनी दार उघडले. "दादी तो गुजर गयीं," त्या म्हणाल्या, आणि मग क्षणभर थांबून, "आप लोग तो पिछले महीने आनेवाले थे ना?"

परतताना आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

चूक कुणाची, यावर पुढे दोन बैठका झाल्या. खरे म्हणजे कुणा एकाची नव्हती आणि हीच त्यातली दुःखाची गोष्ट होती. आमच्यात कामचुकार कोणीच नव्हता. काम होते, माणसे होती, तळमळ होती. पण 'हे काम कुणाचे आणि केव्हापर्यंत?' या साध्या प्रश्नाचे उत्तर कुठेही लिहिलेले नव्हते. ग्रुपवर बोललेले वाहून जाते. तो कट्टा आहे, दप्तर नव्हे. कट्ट्यावर मन मोकळे होते, हिशेब राहत नाही.

मग कुणीतरी म्हणाले की, कंपन्यांमध्ये यासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर असते, आपणही एक घेऊ. झाले! दोन दिवसांत डझनभर नावे जमली. ट्रेलो, आसना, झोहो प्रोजेक्ट्स, आणखी कितीतरी. कशात काय सोय आहे याचा भला मोठा तक्ता आम्ही केला. सोयींची संख्या मोजून निवड करायची, असा आमचा शास्त्रशुद्ध बेत होता! तो तक्ता आम्ही मोठ्या ऐटीत बाईंना दाखवायला नेला. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि विचारले, "तुमची कामे कोणती, ते कुठे लिहिलंय?" आम्ही गप्प. "मग आधी ते लिहून आणा. भांडं घ्यायला बाजारात जाण्याआधी शिजवायचं काय ते ठरवावं."

त्या संध्याकाळी नऊ जणांनी नऊ कागदांवर कामांची यादी लिहिली. नऊ याद्या निघाल्या आणि त्यांतल्या दोन सारख्या नव्हत्या! ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून घेणे हे काम तर सात याद्यांमध्ये नव्हतेच. एका तासाचे बोलणे उतरवायला आमच्या मैत्रिणीला पाच-सहा तास लागत. ते काम दोन मुली निमूटपणे करीत होत्या आणि आम्हां बाकीच्यांना ते 'आपोआप होते' असे वाटत होते. सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वीच आम्हांला हा पहिला धडा मिळाला.

त्यानंतर आम्ही तीन साधने प्रत्येकी दोन आठवडे खऱ्या कामावर वापरून पाहिली. कसोट्या आमच्या आम्ही ठरवल्या. मराठीत सरळ लिहिता येते का? सर्वांत जुना फोन ज्याच्याकडे आहे त्याच्या फोनवर चालते का? आणि संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, एक हात वरच्या कडीला असताना, दुसऱ्या हाताने उघडून आपले काम दिसते का? ही शेवटची कसोटी बदलापूरच्या दोघींनी सुचवली आणि माझ्या मते तीच सर्वांत शहाणपणाची होती.

झोहो प्रोजेक्ट्स हे आपल्या देशातल्या कंपनीचे. त्यात कामांचे टप्पे, तासांचा हिशेब आणि गँट चार्टही आहे. कोणते काम कधी सुरू व्हावे नि कधी संपावे हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा हा तक्ता, हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने शंभरहून अधिक वर्षे ओळखला जातो. मोठी इमारत बांधणाऱ्यांना तो हवाच. पण आमच्या नऊ जणांच्या कामाला तो म्हणजे लहान पोराला बापाचा कोट! पहिला आठवडा तो कोट घालायचा कसा हे शिकण्यात गेला.

ट्रेलो मात्र आम्हां सर्वांना आवडले. प्रत्येक कामाचे एक कार्ड. ते 'करायचे'मधून 'हाती घेतलेले'मध्ये आणि तिथून 'झालेले'मध्ये सरकवायचे. या कल्पनेचे मूळ जपानच्या टोयोटा कारखान्यात आहे. ताइइची ओनो यांनी तिथे कार्डांची पद्धत रुजवली. तिला कानबान म्हणतात. पुढच्या खात्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्या खात्याने माल करायचा नाही, म्हणजे अर्धवट कामांचा ढीग साचत नाही. आम्ही त्यावरून एक नियम घेतला. एका माणसाच्या हाती एका वेळी दोनच कामे. तिसरे हवे असेल तर आधी एक पुरे करा. या एका नियमाने जे साधले ते शंभर सूचनांनी साधले नसते.

पण ट्रेलोवरच आम्हांला दुसरा धडा मिळाला. त्यात तारीख उलटली की ती लाल होते. आमचा एक मित्र उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यात काम करून शिकतो. त्याची दोन कार्डे तीन आठवडे लाल राहिली. कुणी त्याला काही बोलले नाही, पण तो बैठकीला येईनासा झाला. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. "अरे, पाळी बदलली माझी. रात्री अकराला सुटतो," तो म्हणाला. "ते लाल लाल बघितलं की नको वाटतं उघडायला." मला स्वतःची लाज वाटली. लाल रंगाने त्याला उशीर झाला हे नऊ जणांना सांगितले. का झाला, हे विचारण्याचे काम मात्र आम्ही त्या रंगावर सोपवून मोकळे झालो होतो! दुसऱ्या दिवशी आम्ही 'अडलेले' अशी एक नवी यादी उघडली. काम अडले तर कार्ड तिथे ठेवायचे, कारण एका ओळीत लिहायचे, आणि जो ते आधी पाहील त्याने त्याला फोन करायचा. दोन दिवसांत तिथे पाच कार्डे आली. त्यांतले एक माझेच होते.

इतके आवडूनही ट्रेलो आम्ही ठेवले नाही. कारण साधे होते. २०२४ पासून त्याच्या फुकट खात्यात दहाच सहकारी घेता येतात. आम्ही नऊ. यंदा प्रथम वर्षाचे दोघे येऊ म्हणाले म्हणजे झालो अकरा! पैसे भरण्याची ऐपत नाही आणि सॉफ्टवेअरसाठी माणूस परत पाठवणे म्हणजे पागोट्यासाठी डोके कापणे. शिवाय फुकटचे घर मालकाच्या मर्जीवर असते. वंडरलिस्ट नावाचे कामाच्या याद्यांचे लोकप्रिय अ‍ॅप होते. ते मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. तेव्हा साधन घेताना आत शिरण्याचा दरवाजा पाहतो तसा बाहेर पडण्याचाही पाहून ठेवावा.

कॉलेजच्या मंडळाला तर हे जास्तच लागू आहे. कंपनीतली माणसे वर्षानुवर्षे टिकतात. आपली टोळी दर तीन वर्षांनी पूर्ण बदलते. तृतीय वर्षाच्या एकाच्या खाजगी ई-मेलवर सारा संसार उभा केला आणि तो पदवी घेऊन गेला, की किल्लीही गेली. मागच्या कित्येक मंडळांचे काम असेच कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये गाडले गेले असेल.

सरतेशेवटी आम्ही गूगलच्या साध्या तक्त्यावर, म्हणजे शीट्सवर, स्थिरावलो. बहुतेकांच्या फोनवर त्याचे खाते आधीपासून होतेच. मराठी विनातक्रार चालते. अकरा काय, वीस जण आले तरी अडत नाही. आणि सगळे उतरवून घेऊन छापता येते. फोनवर रुंद तक्ता आडवा ओढत बसावा लागतो, हा त्याचा दोष खरा. म्हणून रकाने पाचच ठेवले. काम, कुणाचे, केव्हापर्यंत, कुठवर आले, आणि काय अडले. एका ओळीत नाव एकच. मदतीला कितीही असोत, उत्तर देणारा एक. तक्त्याची मालकी दोघांकडे, त्यांतला एक नेहमी खालच्या वर्गातला. ज्यांच्या आठवणी घेतो त्यांची नावे, पत्ते, फोन नंबर तक्त्यात नाहीत, फक्त क्रमांक. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी कुणालाही उघडता येतील अशा दुव्यावर ठेवायच्या नाहीत. आणि महिन्याच्या शेवटी तो तक्ता छापून एका जाड वहीत चिकटवायचा.

काही मित्र म्हणतात, हे सारे कारकुनी आहे, कलावंताचा उत्साह अशाने मरतो. त्यांना मी आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांकडे बोट दाखवतो. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेले ते काम आजही चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंगातली चार अक्षरे आणि आकडे असतात. डबा कुठून आला, कुठे उतरायचा, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचा, सारे त्यात येते. त्या खुणांमुळे डब्यातल्या भाजीची चव बिघडते काय? ती वेळेवर आणि योग्य माणसाच्या ताटात पडते, एवढेच.

माझे म्हणणे इतकेच आहे. गॅदरिंगची समिती असो, नाटकाचा संच असो, हे वार्षिक काढणारे मंडळ असो. साधन निवडताना सर्वांत हुशार सभासदाकडे पाहू नका. ज्याचा फोन जुना आहे, ज्याची पाळी रात्री सुटते, ज्याला इंग्रजी पाट्या वाचताना अडखळायला होते, त्याच्याकडे पाहा. तो जे रोज उघडील ते तुमचे सॉफ्टवेअर. बाकीचे कितीही देखणे असले तरी शोभेचे.

आमच्या तक्त्यात आज चौदा आठवणी 'झाले' या शेऱ्याखाली आहेत. परवाच अंबरनाथच्या एका निवृत्त कामगार आजोबांनी दोन तास बोलून झाल्यावर विचारले, "पुन्हा कधी येणार?" आमच्या मैत्रिणीने तिथेच फोन काढून ओळ लिहिली, त्यात स्वतःचे नाव आणि तारीख घातली, आणि आजोबांना दाखवली. ती त्या तारखेला गेली.

तक्त्याची पहिली ओळ तीन नंबर कॅम्पातल्या आजींची आहे. 'कुणाचे' हा रकाना तिथे रिकामा आहे. तो आम्ही मुद्दाम भरलेला नाही. पुढच्या वर्षी हे काम हाती घेणाऱ्यांनी ती ओळ पुसू नये, एवढी विनंती आहे.