मोबाईलवरचा शब्द आणि आपली पत

सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायचे म्हटले की आपण किती विचार करतो! माणूस कोण, घरचे वळण कसे, सातबाऱ्यावर बोजा किती, रानात पीक उभे आहे की नाही, हे सारे पाहूनच सही होते. भावकीतला असला तरी “उद्या बघू” म्हणून आपण एक दिवस मागून घेतो. मात्र तोच सभासद रात्री मोबाईल हातात घेतो, कुठल्याशा बाटलीची जाहिरात येते आणि ती पुरती न वाचताच तो दोनशे जणांच्या ग्रुपवर ढकलून देतो. हीसुद्धा एक सहीच आहे, हे ध्यानात येत नाही. या गोष्टीकडे आम्ही सभासद बंधू-भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

जाहिरात आपल्याला नवी नाही. भिंती रंगवल्या जात, बाजारच्या दिवशी जीपवर कर्णा लावून पत्रके वाटली जात. पण ती जाहिरात आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होते. दुकानदार माल खपवायला बसला आहे, हे धरूनच आपण त्याचे बोलणे ऐकत होतो. आता तीच जाहिरात मेव्हण्याच्या, वर्गमित्राच्या, शेजारच्या बांधकऱ्याच्या नावाने येते. कंपनीचा शब्द म्हणून जो आपण झटकून टाकला असता, तो पाव्हण्याचा शब्द म्हणून गळी उतरतो. आजच्या विक्रीची सारी मेख इथे आहे.

हे फुकट मिळते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. व्हॉट्सअॅप २००९ साली निघाले. २०१४ साली ते विकत घेण्यासाठी फेसबुकने तब्बल १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि वस्तीवस्तीवर मोबाईल बोलू लागला. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे जवळजवळ सगळे उत्पन्न जाहिरातीचे आहे. फेसबुकवर वा इन्स्टाग्रामवर आपण कुठल्या चित्रावर थांबलो, काय दाबले, याची नोंद होते आणि तशाच गोष्टी पुन्हा पुढे येतात. एकदा खोडव्याच्या खताचा व्हिडिओ पुरता पाहिला की दुसऱ्या दिवशी खताचीच रांग लागते. म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत असे वाटते, पण तिथे विक्रीला ठेवलेले असते ते आपलेच लक्ष.

आता आपल्या उसाचेच घ्या. “एकरी शंभर टन” असे लिहिलेला, डोक्याच्या वर गेलेल्या उसात उभा असलेला गडी आपण सर्वांनीच पाहिला आहे. खाली बाटलीचे नाव आणि फोन नंबर. पण ऊस आडसाली की सुरू, जात कोणती, जमीन कसली, पाणी किती, यातले काही सांगत नाहीत. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात राहतो. सुरू उसाला बारा महिने मिळतात. दोघांची उंची शेजारी ठेवून बाटलीचा गुण कसा ठरवणार? शंभर टनांचा हिशेब साधा आहे: एकरात ४०,००० ऊस आणि प्रत्येकाचे वजन अडीच किलो. तेव्हा विचारायचे ते एवढेच की, बाबा रे, ऊस मोजले का, आणि काटापावती कुठे आहे? आपला ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलल्याशिवाय आपण कुणाला टनेज सांगत नाही. मग परक्याचे टनेज बिनकाट्याचे कसे मानायचे?

अशा ‘टॉनिक’च्या मालावर कायदा नाही असे नाही. २०२१ साली केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात बदल करून जैव-उत्तेजके त्याखाली आणली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पक्की पावती नाही, बाटलीवर बॅच नंबर नाही, असा माल घेतल्यावर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

दुसरा मुद्दा माणसाच्या ओळखीचा. पूर्वी स्टेटस म्हणजे माणसाचा दर्जा. आता स्टेटस म्हणजे चोवीस तासांत पुसले जाणारे चित्र. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला टेकून फोटो काढला म्हणून कुणाचे बिघडत नाही; तरण्या पोरांची हौस आहे. परंतु त्या फोटोला शोभावे म्हणून हप्त्यावर गाडी येते, लग्नाचा मांडव दुप्पट होतो आणि ऊसबिल जमा होण्याआधीच वाटणी लागते, तेव्हा ती हौस राहत नाही. शिवाय दुसऱ्याचा फोटो लावून खोटे खाते काढणारे आणि “अडचण आहे, पैसे पाठव” म्हणणारे भामटेही आहेत. असा निरोप आला तर आधी त्या माणसाला फोन करावा. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

मैत्रीच्या बाबतीत आम्ही मोबाईलला सरसकट दोष देणार नाही. सासरी गेलेली लेक रोज दिसते, पुण्या-मुंबईचा मुलगा बापाला ऊस कसा आहे विचारतो, पावसाचा अंदाज आणि तोडणीचा निरोप वेळेवर मिळतो. हे मोठे सुख आहे. पण वाढदिवसाला दोनशे अंगठे आले म्हणून दोनशे मित्र झाले असे नव्हे. मोटर जळाल्यावर रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर येणारा, सावडीला बैल देणारा, तोच मित्र. त्याच्याशी बोलणे ग्रुपवर भागवू नये.

आणि बिनजामिनाचा शब्द किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातील भटक्या समाजातले, पोटासाठी फिरणारे गरीब लोक होते. तशा अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीने आणली. यंत्राने मर्यादा घातली. आपण आपली घालायची की नाही?

म्हणून आमची सूचना अशी. ग्रुपवर मालाची शिफारस करताना ‘मी स्वतः वापरले’ की ‘नुसतेच पुढे पाठवले’ हे स्पष्ट लिहावे. वापरले असेल तर लागणीची तारीख, जात, खर्च आणि काटापावती सोबत द्यावी. विकणाऱ्याकडून कमिशन मिळत असेल तर तेही सांगावे. त्यात लाजण्यासारखे नाही, लपवण्यात आहे. नवी बाटली आधी दोन गुंठ्यांवर, शेजारी दोन गुंठे तसेच ठेवून पाहावी. शंका असल्यास शेतकी विभागाला विचारावे.

सहकार उभा राहिला तो एकमेकांच्या शब्दावर. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी कारखाना उभा केला, त्यासाठी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले ते माणसांच्या पतीवर. ती पत आपल्या वाडवडिलांनी कमावली. कुठल्याशा कंपनीची बाटली खपावी म्हणून ती आपण फुकटात वाटू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.