प्रतिष्ठेची पिस्तुले

डिसेंबर २०२४ मध्ये शहापुरात रात्रीच्या वेळी एका सराफी दुकानातील तरुण कामगारावर दुचाकीवरून आलेल्या हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. माहुलीच्या पायथ्याच्या या गावात गोळीबार हा शब्द तोवर मुंबईच्या बातम्यांत वाचायचा होता. भिवंडी, उल्हासनगर, कल्याण येथील गुन्हेगारी कसारा आणि माळशेजच्या घाटांखालील गावांपर्यंत पोहोचणार नाही, असा एक भाबडा समज या भागात होता. जमिनींचे भाव वाढले, समृद्धी महामार्ग आला, फार्महाऊस उभी राहिली, दलालांची एक नवी पिढी तयार झाली. पैशाच्या मागोमाग पिस्तूल येते, हा अनुभव कल्याणपट्ट्याने आधीच घेतला होता.

त्या अनुभवाचा कळस २ फेब्रुवारी २०२४ रोजी झाला. उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तत्कालीन भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता. प्रकरण न्यायालयात आहे आणि दोषनिश्चिती न्यायालयच करील. परंतु सीसीटीव्हीतील ती दृश्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. कायदे करण्यासाठी जनतेने ज्याला निवडून दिले, त्याने कायद्याच्या रक्षकांच्या खोलीत पिस्तूल काढावे, यावर पक्षनिष्ठेचे पांघरूण घालता येत नाही. अवघ्या सहा दिवसांनी दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्या वेळी वापरले गेले ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे पिस्तूल. ऑक्टोबरमध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांना गोळ्या घालण्यात आल्या. एका वर्षातल्या या घटना आहेत, आणि त्यांतील माणसे कोणत्या पक्षाची होती हा प्रश्न येथे गौण आहे.

विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाला शस्त्राचे वावडे असण्याचे कारण नाही. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना नि:शस्त्र केले आणि युरोपीयांना सूट दिली, तो अपमान त्या पिढीने विसरला नव्हता. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. आझाद दस्त्याच्या त्या तरुणांनी परकीय सत्तेविरुद्ध प्राण पणाला लावले होते. त्यांना ना जमिनीचा सौदा करायचा होता, ना कुणाच्या वरातीत रुबाब दाखवायचा होता. आज त्याच तालुक्यांच्या रस्त्यांवरून कमरेला पिस्तूल लावून फिरणारे जे पुढारी आणि त्यांचे पित्ते दिसतात, त्यांचा सिद्धगडाच्या वारशाशी काडीचाही संबंध नाही.

याच डोंगरात आणखी एक बंदूक आहे आणि तिची कथा वेगळी आहे. ती म्हणजे ठासणीची बंदूक. रानडुकरांनी भाताचे उभे पीक रात्रीत लोळवले म्हणजे वर्षाची मेहनत मातीला मिळते. शेताच्या राखणीसाठी म्हणून वडिलोपार्जित नळी घरात राहते आणि राखणीची कधी शिकार होते ते कळत नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या गटातील एकाला आपल्याच सोबत्याने झाडलेली गोळी लागली. रानडुक्कर समजून ती झाडली गेली होती. भीतीपोटी मृतदेह लपवला गेला आणि काही दिवसांनी प्रकार उघडकीस आला. कायद्याने या शेतकऱ्याचा विचार केलेला नाही असे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी खरोखरच हवी असलेली ठासणीची बंदूक हे परवाना देण्याचे स्वतंत्र कारण म्हणून नोंदवले आहे. पण पाड्यावरच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयाचे जिने किती वेळा चढावे लागतात, याची गणती त्या कलमात नाही. परवाना न मिळालेली त्याची बंदूक हा गुन्हा ठरतो. त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि शिकारीबद्दल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कारवाई वेगळीच.

तालुक्याच्या गावातील धनदांडग्याला मात्र जिने चढावे लागत नाहीत. ‘जिवाला धोका आहे’ एवढा अर्ज, एक शिफारसपत्र आणि एक ओळख यांवर काम भागते, हे उघड गुपित आहे. बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांच्या निर्घृण हत्येनंतर चौकशीचा प्रकाशझोत शस्त्रपरवान्यांकडे वळला, तेव्हा त्या एका जिल्ह्यात १,२०० हून अधिक परवाने असल्याचे समोर आले. इतक्या लोकांच्या जिवाला एकाच जिल्ह्यात धोका असेल तर तेथे पोलीस ठेवण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारले तर उत्तर कठीण आहे. गवगवा झाल्यावर प्रशासनाने परवाने रद्द करण्यास सुरुवात केली. म्हणजे अधिकार होता. सतराव्या कलमात तो पूर्वीपासून आहे. इच्छाशक्ती हवी होती आणि तिच्यासाठी एका सरपंचाचा बळी जावा लागला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातील एका कुख्यात गुंडाच्या भावाच्या परवान्याचे प्रकरण गाजले. पोलिसांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला होता. अर्जदार पूर्वीच्या खटल्यांतून निर्दोष सुटला होता, असे समर्थन करण्यात आले. ते वस्तुस्थितीला धरून असेलही. तथापि निर्दोष सुटणे आणि शस्त्र बाळगण्यास पात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या पोलिसांना माणूस ठाऊक आहे, त्यांचा नकार मंत्रालयाच्या मजल्यावर पुसला जात असेल, तर खालचा अधिकारी उद्या नकार लिहिण्याचे धाडस कशाला करील?

विनापरवाना गावठी कट्ट्यांचा प्रश्न अर्थातच अधिक जुनाट आहे. जळगावच्या चोपडा तालुक्यालगत, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गाव या धंद्यासाठी वर्षानुवर्षे बदनाम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईस गेलेल्या चोपड्याच्या पोलीस अधिकाऱ्याला जमावाने पळवून नेले होते. नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी त्याच गावातील भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. मुंबई-आग्रा महामार्ग याच बडवानी जिल्ह्यातील सेंधव्याहून निघून धुळे, नाशिक करीत कसारा घाट उतरतो आणि थेट शहापूर तालुक्यात प्रवेश करतो. नकाशावर बोट ठेवले तरी घाटाच्या पायथ्याशी कायमच्या तपासणीची गरज ध्यानात येते. एका शहराच्या पोलिसांनी दुसऱ्या राज्यात जाऊन भट्टी मोडावी, हे कौतुकास्पद खरे, पण व्यवस्था म्हणून लाजिरवाणे आहे.

येथे लोकप्रतिनिधींची भूमिका येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शस्त्रे हा केंद्रसूचीतील विषय आहे, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे आहेत. या विभागणीचा आडोसा घेऊन मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात एका परवानाधारकाला एकच शस्त्र, अशी मूळ तरतूद होती. खासदारांच्या आग्रहामुळे ती दोनवर गेली. हवेत गोळीबार करून आनंद साजरा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्याच दुरुस्तीने झाली, ती स्वागतार्ह. परंतु हिंसेच्या वा धमकीच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल होताच परवाना आपोआप निलंबित होईल, अशी सक्ती आजही कायद्यात नाही. सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे. ती सक्ती आणण्यासाठी शहापूर आणि मुरबाड ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात, तेथील खासदाराने संसदेत आवाज उठवावा आणि दोन्ही आमदारांनी विधानसभेत तसा ठराव आणावा. पीकरक्षणाच्या परवान्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवणे, पीकनुकसानीची भरपाई हंगाम संपण्यापूर्वी हातात पडणे आणि जुन्या बंदुका स्वेच्छेने जमा करणाऱ्याला अभय देणे यासाठीही आमदारांनीच शासनाला धारेवर धरायला हवे.

ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ जणांचे हत्याकांड झाले, तेव्हा तेथे उजव्या विचारांचे सरकार होते आणि बंदूक बाळगणारा ग्रामीण मतदार हाच त्या आघाडीचा आधार होता. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी आपल्याच मतदारांचा रोष पत्करला आणि अवघ्या १२ दिवसांत सर्व राज्यांना एका करारावर आणले. सरकारने मोबदला देऊन सहा लाखांहून अधिक बंदुका नष्ट केल्या. महाराष्ट्रात आणि केंद्रात २०२२ पासून एकाच आघाडीची सरकारे आली आहेत. समन्वयाची अडचण हे कारण त्यामुळे पुढे करता येत नाही.

प्रत्येक निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार छाननी समिती बसते आणि परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. त्या काळात कुणाच्या जिवाला धोका वाढल्याचे ऐकिवात नाही. निकालानंतर ती जशीच्या तशी परत दिली जातात. पुढच्या वेळी ठाणे ग्रामीण पोलिसांनी शस्त्र परत करण्यापूर्वी त्यामागची गरज नव्याने तपासावी आणि पहिली छाननी आमदार, खासदार व त्यांच्या अंगरक्षकांच्या परवान्यांची व्हावी, अशी लेखी मागणी या दोन तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींनी स्वत:हून जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.