विश्लेषण : शेगावची केसगळती आणि गंगावनाचा आधार, कृत्रिम केस किती काळ टिकतात, कसे जपायचे?

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात २०२४ च्या अखेरीस अचानक सुरू झालेल्या केसगळतीची चर्चा देशभर झाली. कारण काय, दोष कुणाचा यावर भरपूर बोलले गेले. मात्र ज्यांचे केस गेले, त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता : केस परत येईपर्यंत काय करायचे? अनेकांच्या मनात पहिला पर्याय येतो तो विग किंवा गंगावनाचा. हे कृत्रिम केस किती दिवस टिकतात, ते लवकर का खराब होतात आणि नव्याने उगवणाऱ्या केसांना त्यांचा त्रास होऊ शकतो का, याचा हा आढावा.

शेगावमध्ये नेमके काय घडले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटू लागली. मग केस राठ झाले आणि हात लावताच मुठीत येऊ लागले. काहींना तीन-चार दिवसांत पूर्ण टक्कल पडले. पुढे हे लोण आसपासच्या गावांत पोहोचले. पुरुष, महिला, शाळकरी मुले असे सर्वच त्यात होते. ‘टक्कल व्हायरस’ असे नावही पडून गेले. सुरुवातीला बुरशीजन्य संसर्गाची शंका घेतली गेली, पाण्याचे नमुनेही तपासण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक गावांत आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. बाधितांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले. त्यांच्या मते हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले.

काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर नवे केस दिसू लागले. पण मधल्या काळात विद्यार्थी शाळा-कॉलेज टाळत असल्याच्या, मुलींच्या ठरलेल्या लग्नांवर परिणाम झाल्याच्या बातम्या आल्या. पुरुषाने टोपी किंवा रुमाल बांधला तर कुणी विचारत नाही. मुलीच्या डोक्यावरचा पदर किंवा ओढणी मात्र दहा प्रश्न उभे करते.

केस परत यायला किती काळ लागतो?

डोक्यावरील साधारण ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. शरीरात विषारी घटक वाढला की याच वाढत्या केसांना आधी फटका बसतो. सेलेनियम हे गंधकाशी साधर्म्य असलेले मूलद्रव्य आहे. केसांतील केराटिन या प्रथिनाची मजबुती गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते. तिथे सेलेनियम शिरले की केस कमकुवत होतात. मूळ शाबूत असेल, तर विषारी घटक शरीरात जाणे थांबल्यावर केस पुन्हा येतात.

पण वेग ठरलेला आहे : महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण टक्कल पडलेल्या मुलीचे केस वर्षभरात १२ सेंटिमीटरच्या आसपास येणार. खांद्यापर्यंत म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर केसांना अडीच वर्षे लागतात. कमरेजवळ पोहोचणारी ६० सेंटिमीटरची वेणी हवी असेल, तर पाच वर्षे. कोणतेही तेल किंवा शाम्पू या वेगात फारसा फरक पाडत नाही. कृत्रिम केसांचा हिशेब याच गणितावर बसवावा लागतो.

गंगावन की विग?

वेणीत मिसळायच्या केसांना मराठीत ‘गंगावन’ हा जुना शब्द आहे. आज बाजारात तेच ‘हेअर एक्सटेन्शन’ म्हणून मिळते. क्लिपने लावायचे, वेणीत गुंफायचे, टेपने चिकटवायचे असे त्याचे प्रकार आहेत. या सर्वांना आधाराला स्वतःचे केस लागतात. क्लिप धरण्यासाठी आणि ती झाकण्यासाठी साधारण १० सेंटिमीटर केस हवेत. म्हणजे पूर्ण टक्कल पडल्यावर पहिले दहा महिने गंगावन उपयोगाचे नाही. त्या काळात विग, स्कार्फ किंवा टोपी हेच पर्याय उरतात. दुकानदाराने ‘बारीक केसांवरही बसते’ असे सांगितले तरी घाई करू नये. कारण पुढे येईलच.

कृत्रिम केस कशाचे बनतात?

बहुतेक कृत्रिम केस हे प्लास्टिकचे धागे असतात. त्यात मोडॅक्रिलिक, पीव्हीसी आणि पॉलिएस्टर हे प्रमुख प्रकार. जपानच्या कानेका कंपनीचा ‘कानेकालॉन’ हा मोडॅक्रिलिक धागा या व्यवसायात जगभर प्रसिद्ध आहे. अशा धाग्यांना कारखान्यात उष्णता देऊन सरळ किंवा कुरळा आकार दिला जातो. धागा थंड झाला की तो आकार कायम होतो. म्हणून धुतल्यावरही कृत्रिम केस आपल्या मूळ वळणावर येतात. खऱ्या केसांच्या विगला मात्र प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा वळण द्यावे लागते.

नेमके किती दिवस टिकतात?

याचे उत्तर तारखेपेक्षा वापराच्या तासांवर ठरते. साधारण अंदाज असा :

– क्लिपचे कृत्रिम गंगावन रोज वापरल्यास दोन ते तीन महिने. फक्त लग्न-समारंभात वापरल्यास सहा महिने ते वर्षभर.

– कृत्रिम विग रोज वापरल्यास चार ते सहा महिने. चांगला जपल्यास त्याहून दोन-तीन महिने अधिक.

– ‘हीट फ्रेंडली’ म्हणून विकले जाणारे कृत्रिम केस रोजच्या वापरात अनेकदा आणखी लवकर विस्कटतात.

– खऱ्या केसांचा विग वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतो, पण त्याची किंमत कैकपट असते आणि देखभालही जास्त.

खऱ्या केसांना टाळूतून सतत तेलाचा अंश मिळतो आणि झिजलेल्या केसाच्या जागी नवा केस येतो. प्लास्टिकच्या धाग्याला यातले काहीच नाही. एकदा खरवडला की तो खरवडलेलाच राहतो. सर्वात आधी खराब होतो तो मानेजवळचा भाग. कॉलर, पदर, पाठीवरची बॅग यांच्याशी सतत घासून तिथले टोक कुरळे, राठ होते आणि गुंता वाढतो. स्कूटी चालवताना डोक्याला घट्ट बांधलेला स्टोलही हेच करतो. केस मोकळे ठेवण्याऐवजी प्रवासात सैल वेणी घातली, तर आयुष्य वाढते.

सर्वात मोठा शत्रू उष्णता

पीव्हीसीसारखे प्लास्टिक ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाने धागा वितळत नाही, पण सततच्या उन्हाने रंग फिका पडतो. खरा धोका घरात असतो. कुकरची वाफ, भाकरीचा तवा, चुलीची धग, कढईवरचे झाकण उघडताना येणारा वाफेचा झोत यामुळे समोरच्या बटा क्षणात आखडतात. सरळ केलेला धागा असा एकदा आखडला की पूर्ववत होत नाही.

केस सरळ करण्याच्या मशीनचे तापमान १८० ते २३० अंशांपर्यंत जाते. साध्या कृत्रिम केसांवर ते कधीच वापरू नये. ‘हीट फ्रेंडली’ केसांसाठीही पाकिटावर लिहिलेली मर्यादा पाळावी. लग्नात होमाजवळ बसताना, दिवाळीत फुलबाजी पेटवताना केस मागे बांधावेत. हळदीच्या कार्यक्रमाला तर गंगावन न लावलेलेच बरे. तेलात कालवलेल्या हळदीचा डाग धाग्यावरून सहज निघत नाही.

धुवायचे कसे?

रोज धुण्याची गरज नाही. साधारण १० ते १५ वेळा वापरल्यानंतर एकदा धुणे पुरेसे असते. उन्हाळ्यात घाम जास्त येत असल्यास आठवड्याला एकदा.

१. आधी कोरड्या केसांतील गुंता रुंद दातांच्या फणीने सोडवावा. टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे.

२. बादलीभर थंड पाण्यात थोडा सौम्य शाम्पू मिसळून केस पाच मिनिटे बुडवून ठेवावेत. कपड्यासारखे चोळू किंवा पिळू नयेत.

३. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावेत. कंडिशनर लावायचे असल्यास फक्त टोकांना लावावे, क्लिप किंवा जाळीजवळ नको.

४. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे. सावलीत, हवेशीर जागी वाळवावेत. ड्रायर वापरू नये.

५. पूर्ण वाळल्यावरच विंचरावेत.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी खारट आणि जड आहे. अशा पाण्यात फेस कमी येतो आणि धाग्यावर क्षारांचा पांढरट थर बसतो. केस राठ लागतात आणि धागाच खराब निघाला असे वाटते. शेवटचे खंगाळणे फिल्टरच्या किंवा कॅनच्या पाण्याने केले, तर हा त्रास बराच कमी होतो. दोन-तीन लिटर पाणी पुरते.

खोबरेल तेल, मेंदी, डाय यांपैकी काहीही कृत्रिम केसांना लावू नये. प्लास्टिक तेल शोषत नाही. ते वर बसून राहते आणि धूळ धरते. मेंदी किंवा डायचा रंग चढत नाही. झोपताना विग किंवा गंगावन काढून ठेवावे. सैल वेणी घालून जाळीच्या किंवा सॅटिनच्या पिशवीत ठेवल्यास गुंता होत नाही.

नव्या केसांना धोका आहे का?

आहे. नवे केस बारीक असतात. त्यावर जड गंगावनाची क्लिप रोज एकाच जागी लावली, तर मुळांवर सतत ताण येतो. त्यातून केस गळण्याचा एक वेगळा विकार होतो, त्याला ‘ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया’ म्हणतात. सुरुवातीला तो थांबवता येतो. ताण वर्षानुवर्षे राहिला, तर त्या जागी केस कायमचे येत नाहीत. आहारातील विषारी घटकामुळे गेलेले केस परत येऊ शकतात, पण ताणाने मेलेले मूळ परत जगत नाही. ज्याने टक्कल झाकायचे, त्यानेच ते कायमचे होऊ नये, यासाठी क्लिपची जागा बदलत राहावी. डोके दुखत असेल किंवा टाळूवर पुळ्या दिसल्या, तर ताबडतोब काढावे. वेणीत घट्ट गुंफलेले केस सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न रसायनांचा. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये वेणीत गुंफायच्या १० कृत्रिम केसांच्या उत्पादनांची तपासणी केली. सर्व दहांत कर्करोगाशी संबंध असलेली रसायने आढळली, तर नऊ उत्पादनांत शिसे होते. ही उत्पादने तिकडच्या बाजारातील होती. तरीही नवे केस वापरण्याआधी एकदा धुऊन वाळवणे शहाणपणाचे. त्यामुळे धाग्यावरील रसायनांचा लेप काही प्रमाणात निघतो आणि खाज कमी होते. शेगावच्या बाधितांना टाळूची खाज हे केसगळतीचे पहिले लक्षण होते. विगमुळे खाज सुटली, तर जुना आजार परतला की काय अशी भीती वाटू शकते. अशा वेळी विग चार दिवस बंद ठेवून पाहावा. खाज राहिली किंवा केस हातात येऊ लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

खरेदी करताना काय पाहावे?

‘शंभर टक्के खरे केस’ असे सांगून कृत्रिम केस विकण्याचे प्रकार होतात. ओळख सोपी आहे. एक-दोन धागे चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावेत. खरा केस जळताना केस जळाल्याचाच वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो, प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला कडक गोळी होते. फार चकाकणारा धागा सहसा स्वस्त प्रतीचा असतो. विग घेताना आतली जाळी हवा खेळणारी आणि पट्टा कमी-जास्त करता येणारा असावा.

खर्चाचा हिशेबही आधीच करावा. खांद्यापर्यंत केस यायला अडीच वर्षे लागतात आणि रोज वापरलेला कृत्रिम विग सहा महिने टिकतो. म्हणजे या काळात पाच विग लागतील. एकच महागडा विग घेऊन तो ताणत बसण्यापेक्षा मध्यम किमतीचा घ्यावा आणि तो राठ झाला की बदलावा. शक्य असल्यास दोन विग आलटून-पालटून वापरावेत. घरी रुमाल बांधून बाहेर जातानाच विग घातला, तर वापराचे तास घटतात आणि टाळूलाही हवा मिळते. वर्षभरानंतर, स्वतःचे केस क्लिप धरण्याइतके झाल्यावर, विगच्या जागी हलके गंगावन पुरते.