रात्रपाळीच्या माणसाला हसण्यावारी नेऊ नका

तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या ओट्यावर परवा वाद झडला तो विज्ञानकथेवरून. शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणाला, "काका, अवकाशयानात एक कंटाळलेला मेकॅनिक हवाच. पगारावरून कुरकुरणारा, पाट्या टाकणारा. तो नसला की गोष्ट कोरडी होते. लोकांना हसायला कुणीतरी लागतंच ना!"

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. विश्वाच्या उत्पत्तीवर चार पानं वाचून वाचकाला धाप लागते, तेवढ्यात जांभई देणारा कुणी दिसला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. 'डार्क स्टार' (१९७४) हा अख्खा चित्रपट अशा कंटाळलेल्या खलाशांवर उभा आहे. 'रेड ड्वार्फ' (१९८८) या ब्रिटिश मालिकेचा नायक यानावरचा सर्वांत खालच्या हुद्द्याचा तंत्रज्ञ आहे, आणि ती मालिका मला मनापासून आवडते. हसण्याला माझा विरोध नाही. त्या हसण्यामागे जे गृहीत धरलेलं असतं, त्याला आहे. कंटाळलेला माणूस बेफिकीरच असणार आणि हाताने काम करणाऱ्याला विज्ञान काय कळणार, या दोन समजुती मुकाट्याने मान्य केल्या की मगच तो विनोद चालतो. दोन्ही खोट्या आहेत.

'एलियन' (१९७९) मधले पार्कर आणि ब्रेट आठवा. यानाच्या पोटात पाइप दुरुस्त करणारे हे दोघे बोनसच्या हिश्श्यावरून तक्रार करतात आणि प्रेक्षक हसतात. अनोळखी संदेशामागे जायची वेळ येते तेव्हा पार्कर म्हणतो की आपलं यान मालवाहू आहे, बचावकार्य हे आपलं काम नाही. त्याचं कुणी ऐकत नाही. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. डग्लस अ‍ॅडम्सच्या १९८० च्या कादंबरीत एका ग्रहावरचे लोक टेलिफोन पुसणाऱ्यांसकट सगळी 'बिनकामाची' माणसं यानात भरून दूर धाडतात. मागे उरलेले सगळे मरतात ते घाणेरड्या टेलिफोनमधून पसरलेल्या रोगाने. चांगल्या लेखकाच्या हाती हाच विनोद कामगाराची बाजू घेतो.

पण मी भोपाळचा माणूस. मला यासाठी सिनेमाकडे जावं लागत नाही.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात रात्रपाळी लागली होती. अकराच्या सुमारास नियंत्रण कक्षातल्या माणसाला ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब वाढलेला दिसला, पण तो नेहमीच्या मर्यादेत बसत होता. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती हुडकायचं त्यांच्यापाशी असलेलं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. त्यांनी वर कळवलं. चहानंतर बघू, असं ठरलं.

इथे तो विद्यार्थी म्हणेल, "बघा, चहा!" हो, चहा. पण बारीक गळती तिथे रोजचीच झाली होती. टाकी गार ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेलाच नव्हता. पाळीतले बारा चालक घटवून सहावर आणले होते, आणि रात्रीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागा थोड्याच दिवसांपूर्वी रद्द झाली होती. टाकीत चाळीसेक टन विष होतं. हे निर्णय चहा पिणाऱ्यांनी घेतले नव्हते. मग कंपनीने पुढे काय सांगितलं? एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, असं. आपण पडद्यावर ज्याला हसतो तोच कुरकुरणारा, रुसलेला माणूस तिथे आरोपी म्हणून उभा केला गेला. प्रेक्षकाला त्याच्याकडे तसं बघायची सवय आधीच लागलेली असते. माझा राग आहे तो या सवयीवर.

त्याच रात्री टाकीतला विषारी वायू शहरात पसरला, तेव्हा भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, सिग्नल द्यायचे, रजिस्टर भरायचं; याहून कंटाळवाणं काम शोधून सापडणार नाही. फलाटावर गोरखपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी उभी होती. वायूतून बाहेर निघावी म्हणून त्यांनी ती वेळेआधी सोडली. आत माणसं खच्चून भरलेली होती. नियम कुठला आणि केव्हा मोडायचा हे त्यांना नेमकं कळलं, कारण वर्षानुवर्षं तेच नियम त्यांनी पाळले होते.

याच शहरात २००५ पासून इस्रोचं मास्टर कंट्रोल फॅसिलिटीचं केंद्र आहे, कर्नाटकातल्या हासनच्या जोडीला. सुमारे ३६,००० किलोमीटरवरचे उपग्रह जागेवर आहेत ना, हे तिथे चोवीस तास बघतात. काम चोख झालं तर सांगण्यासारखं काहीच घडत नाही. अवकाशयुगाचा बराचसा भाग असाच असतो: पाळी, आकडे, नोंद, आणि पुढच्याला सोपवलेला चार्ज.

मराठी विज्ञानकथेचा नायक बहुधा शास्त्रज्ञच राहिला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवणारे जयंत नारळीकर स्वतः शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी ही वाट रुंद केली. त्यांचं ऋण मान्य करूनच सांगतो, त्या वाटेवर आता चालक, फिटर, लाइनमन यायला हवेत. दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या यानात रात्रपाळीचा माणूस जरूर जांभई देऊ दे, चहा मागू दे, पगारावर चिडू दे. पण "डोळे चुरचुरतायत" असं तो म्हणाला की कथेतल्या कुणाला तरी हातातला कप खाली ठेवून उठायला लावा.